सबशिडी

मला एका जागी बसवत नाही. भाजी निवडायला बसले तरी मध्येच उठून दारातून डोकावून येते, तोवर चुलीवरची फोडणी करपते, आणि सून म्हणते, "आई, तुमच्या पायाला भिंगरी आहे." मी म्हणते, असेल बाई. पण ही भिंगरी माहेराहून आणलेली नाही. सेलूला होते तोवर मी पुस्तकात डोकं खुपसून बसणारी, हाक मारली तरी न ऐकणारी मुलगी होते. वडील जिनिंगात कामाला, घर रेल्वे रुळांच्या अलीकडे, आणि गल्लीच्या तोंडाशी नळ. नळ आला की आपली घागर आपण लावायची आणि भरली की उचलायची. त्यात काही विशेष आहे हे मला लग्न होईपर्यंत कळलं नव्हतं.

लग्न झालं ते मोठ्या दुष्काळात. सासर परभणी तालुक्यात, पेडगावच्या पलीकडचं लहानसं खेडं. मॅट्रिक झालेली सून घरात आली याचा सासऱ्यांना कोण अभिमान. आल्यागेल्याला सांगायचे, "आमची सून पेपर वाचती." त्या पेपर वाचणाऱ्या सुनेच्या हातात सासूनं दुसऱ्याच दिवशी रिकामी घागर दिली आणि म्हणाली, "चल. आन् तिथं बोलू नगंस."

तिथं म्हणजे गावविहिरीवर. एरवी आमच्या वस्तीतल्या बाया ओढ्याच्या वाळूत झिरा उकरून पाणी भरत. उन्हाळ्यात झिरा आटला की गावविहिरीपाशी जाऊन उभं राहायचं. आम्ही बौद्ध, त्यामुळे ओट्यावर चढायचं नाही, दोर-बादली लावायची नाही. खाली घागर ठेवायची, मागं सरायचं आणि वाट बघायची. वर पाणी शेंदणाऱ्या बायांपैकी कुणाला सवड असली, कुणाचं घरात भांडण झालेलं नसलं, तर ती आमच्या घागरीत वरून पाणी ओतायची. अर्धं आत, अर्धं चिखलात.

त्यातल्या त्यात बरी म्हणजे मालकीणबाई. गावातल्या सगळ्यात मोठ्या शेतकऱ्याची बायको, म्हणून सगळे तिला मालकीणबाई म्हणत. ती कधी कुणाला रिकाम्या हातानं परत पाठवायची नाही. पण ओतताना ती शेजारणीशी बोलत असायची, कुणाच्या लेकीला कुठलं स्थळ आलं याबद्दल. नजर आमच्याकडे नसायची, घागरीकडेही नसायची. पाणी आपलं सवयीनं पडत राहायचं. मला तिचा जितका राग यायचा तितका शिव्या देणाऱ्या बायांचाही यायचा नाही. मी या पायावरून त्या पायावर करत राहायची आणि सासू दातांतल्या दातांत म्हणायची, "हालू नगंस." मग घरी येऊन मी हलत राहायची. ती सवय जी लागली ती आजतागायत.

सासऱ्यांची गोष्ट निराळी. तरुणपणी ते गावकीची कामं करायचे, निरोप पोचवायचे, सणासुदीला दारोदार जाऊन भाकरी गोळा करायचे. छप्पन सालानंतर धम्म घेतला आणि त्यांनी गावकीची काठी मोडून चुलीत घातली. तेव्हापासून कुणापुढं हात पसरायचा नाही, कुणी दिलेलं फुकट घ्यायचं नाही. कुणी सहज टोपलीभर शेंगा दिल्या तरी हे त्याच्या रानात जाऊन अर्धा दिवस राबून यायचे. कुळकायद्यात थोडी जमीन नावावर झाली होती, ओढ्याच्या वरच्या अंगाला. ती कसायची आणि ताठ मानेनं जगायचं. माणूस कडक, पण खरा. पाण्याबद्दल मात्र त्यांनी कधी विचारलं नाही. तांब्या भरलेला असायचा, ते प्यायचे.

दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या वर्षी, दिवाळी झाल्यावर, ग्रामसेवक सायकलवरून आमच्या वस्तीत आला. त्याला सगळे भाऊसाहेब म्हणत. लिंबाखाली सायकल लावून त्यानं लहान शेतकऱ्यांची योजना समजावून सांगितली. विहीर खोदायची तर खर्चातला काही हिस्सा सरकार देणार, उरलेल्याला बँकेचं कर्ज, फेडायला बक्कळ वर्षं. अट एकच, मार्चअखेर विहीर पुरी झालेली आणि पाणी लागलेलं पाहिजे. सरकारच्या त्या हिश्श्याला तो सबसिडी म्हणत होता. तो शब्द आमच्या वस्तीनं पहिल्यांदाच ऐकला.

सासूनं घरी येऊन चुलीपाशी बसता बसता बातमी फोडली. "सरकार इहिरीला शिडी द्यायलंय. सब शिडी."

आमचा मुलूख किती पिढ्या निजामात होता, सब म्हणजे सगळं हे इथं शेळ्या राखणाऱ्यालाही कळतं. त्यामुळं सासूच्या ऐकण्यात तशी चूक काही नव्हती. विहीर आहे म्हटल्यावर उतरायला शिडी लागणार, आणि सरकार मोठं, ते काय अर्धी शिडी देणार होय? आमचे हे पोट धरून हसले. मी तिला नीट समजावलं की आत्याबाई, सबसिडी म्हणजे पैशातली सूट. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे. पर शिडी तर लागतीच की."

मला मात्र त्या दिवसापासून दुसरं काही सुचेना. भाकरी थापताना विहीर, कापूस वेचताना विहीर. आपल्या रानात, आपल्या दोरानं, आपल्या हातानं काढलेलं पाणी. सेलूच्या त्या नळाची मला आठवण माहेरच्या माणसांपेक्षा जास्त येत होती, हे लाज सोडून सांगते.

सासरेही तयार झाले होते. फक्त म्हणाले, कागद बघू. मोठेपणी रात्रशाळेत अक्षरं शिकलेला माणूस, शब्दाखाली बोट धरून, तुकडे पाडून वाचायचा. भाऊसाहेब कागद घेऊन आला. तोंडानं तो सबसिडी म्हणायचा, पण कागदावर शुद्ध मराठी होती. सासऱ्यांचं बोट एका जागी थांबलं.

"अनु... दान." त्यांनी वर बघितलं. "भाऊसाहेब, हे दान कशाचं हाय?"

"दान नव्हे हो. अनुदान."

"मग अनु मंजी काय?"

भाऊसाहेबाला आपल्या मराठीचा फार तोरा. त्यानं चष्मा वर सारला, जरा विचार केला आणि सांगितलं, "अनु म्हणजे मागून."

त्या बिचाऱ्याला म्हणायचं होतं की काम आधी, पैसे मागाहून. पण सासऱ्यांच्या चेहऱ्यावरून मी ओळखलं, आता संपलं. मागून या शब्दाचा अर्थ त्यांना व्याकरणात शोधावा लागत नव्हता. दारोदार उभं राहून, ओरडून, पदर नव्हे तर घोंगडीचा कोपरा पसरून ते तो शिकले होते. त्यांनी कागदाची घडी घातली आणि भाऊसाहेबाच्या हातात परत दिली.

"मागून घेतल्यालं दान आमाला चालत न्हाई. जय भीम."

भाऊसाहेब तोंड वासून बघत राहिला. मग सायकल घेऊन गेला. मी माजघरात उभी, हातात चहाचा कप, तो मीच पिऊन टाकला.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. सासऱ्यांच्या मागं मागं फिरून सांगायची, "मामा, मागून म्हंजे नंतर." ते म्हणायचे, "मला मराठी शिकवायलीस का?" मी म्हणायची, सरकार कुणाला भीक घालत नाही, बागायतदारांनाही देतं. ते म्हणायचे, "दान भिक्खूनं घ्यावं. त्यानं घरदार सोडल्यालं असतंय. म्या घरदार सोडलंय का?" आमचे हे बापापुढं बापाची मान हलवायचे आणि माझ्यापुढं माझी. एकदा मी त्यांना म्हटलं, तुमची स्वतःची मान कुठं ठेवलीत. ते बैलाला पाणी पाजायला निघून गेले.

त्या साली पाऊस बेताचा झाला होता. संक्रांतीच्या सुमारासच झिरा आटला. म्हणजे यंदा उन्हाळ्याचीही वाट बघायची नव्हती. पुन्हा गावविहीर, पुन्हा खाली उभं राहणं. एका सकाळी आम्ही दोघी सासूसुना उन्हं चढेपर्यंत उभ्या राहिलो. मालकीणबाई आलीच नव्हती. शेवटी कुणीतरी ओतलं ते अर्धी घागर. घरी येतो तो सासरे रानातून आलेले, पडवीत बसून घाम पुसत होते. म्हणाले, "पाणी दे, पोरी."

मी तांब्या भरला, त्यांच्यासमोर नेला आणि दिला नाही. हातातच धरून ठेवला.

"मामा, हे पाणी कुठलं हाय?"

सासू मागून खुणा करत होती. मी तिकडं बघितलं नाही. एवढे दिवस आतल्या आत फिरत होतं ते सगळं बाहेर आलं. ओटा, चिखल, मागं सरणं, वरून ओतणं, न बघता ओतणं. आणि शेवटी म्हटलं, "हे मागून आणल्यालं हाय. मागून दान म्हंत्यात ते ह्येच. ते तुमी रोज पिता. इहिरीचंच तेवढं चालत न्हाई."

सासऱ्यांसमोर मोठ्यानं बोलण्याची ती माझी पहिलीच वेळ. मला वाटलं, आता हे हात उगारतील नाहीतर माहेरी धाडतील. धाडलं असतं तर मी आनंदानं गेले असते, नळावर. पण ते माझ्याकडं बघतही नव्हते. तांब्याकडं बघत होते.

"कवापासून?" त्यांनी सासूला विचारलं.

"मी नांदायला आले तवापासून." सासू म्हणाली. "तुमी कंदी इचारलं?"

ते उठले आणि ओढ्याकडं गेले. संध्याकाळपर्यंत वाळू उकरत होते, खोऱ्यानं, मग हातानं. ओल लागली नाही. त्या दिवशी त्यांनी पाणी घेतलं नाही. सकाळी धुतलेला सदरा घालून माझ्यापुढं उभे राहिले. "पेपर वाचतीस ना? चल परभणीला. त्यो कागद मला समदा वाचून दाखीव."

पेडगावपर्यंत पायी गेलो, पुढं एस.टी.नं. कचेरीत बाकावर बसून मी कागद वाचू लागले. ते नेहमीप्रमाणं शब्दांखालून बोट सरकवत होते. मी मोठ्यानं वाचत गेले आणि जिथं जिथं अनुदान आलं तिथं तिथं सबशिडी वाचलं. मुद्दाम, सासूसारखं, शिडी. त्यांचं बोट त्या प्रत्येक शब्दाखाली क्षणभर अडायचं. त्यांना अक्षरं येत होती, मी काय करतेय ते त्यांना कळत होतं. पण त्यांनी मला टोकलं नाही. वाचून झाल्यावर त्यांनी सही केली, प्रत्येक अक्षर निगुतीनं, आणि टेबलामागच्या माणसानं घाई करा म्हटलं तरी घाई केली नाही.

मग खोदाई. वरची माती लवकर गेली, मुरूमही गेला, आणि काळा पाषाण लागला. खोदणाऱ्यांनी सुरुंग लावले. दगडमाती वर ओढायची यारी दिवसभर करकरायची. आम्ही घरातली सगळी माणसं पाट्या वाहत होतो. पाषाण कोरडा ठणठणीत. होळी जवळ आली, मार्च सरत चालला, आणि माझा जीव टांगणीला. पाणी न लागता महिना संपला तर सबसिडी गेली, आणि कर्ज तेवढं मानेवर. सासऱ्यांनी त्यांची शपथ माझ्या बोलण्यावरून बाजूला ठेवलेली, हेही होतंच. मी दर थोड्या वेळानं काठावर जाऊन वाकून बघायची. शेवटी मुकादम वैतागून म्हणाला, "बाई, तुमी बघितल्यानं पाणी लागत न्हाई."

लागलं ते मी नसताना. ह्यांनी घरी येऊन सांगितलं की कोपऱ्यातल्या कपारीतून पाझर सुटलाय. मी पिठाच्या हातानं पळत गेले. करंगळीएवढी धार होती. सासरे खाली उतरून तिच्यापाशी बसले होते. ओंजळ भरायला पुष्कळ वेळ लागत होता, ती भरेपर्यंत ते थांबले, आणि प्यायले.

महिना संपायच्या आत ओव्हरसियर साहेब जीपमधून मोजणीला आले, सोबत भाऊसाहेब. सासूनं जीपभोवती एक चक्कर मारली, मागच्या बाजूनं आत डोकावलं आणि साहेबांना विचारलं, "शिडी कुठंय?"

साहेबांना कळेना. भाऊसाहेबानं कानात सांगितल्यावर ते इतके हसले की रुमाल काढून डोळे पुसले. "अहो आजी, सबसिडी म्हणजे पैसे."

"आन् उतरायचं कसं?" सासू म्हणाली.

आता खोदणारे यारी घेऊन गेले होते आणि दोराला लोंबकळून उतरायची साहेबांची तयारी नव्हती. त्यांनी वरूनच टेपाला दगड बांधून सोडला आणि खोली मोजली. सगळे हसत होते, मीसुद्धा. सासरे हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते परभणीहून दोन लांब बांबू घेऊन आले. बाभळीच्या दांड्या तासून, अंबाडीच्या दोरानं आवळून त्यांनी शिडी बांधली. विहिरीत उभी केली आणि सासूला म्हणाले, "घे. आली तुजी सबशिडी." त्यांना थट्टा करताना मी पहिल्यांदा पाहिलं.

त्या उन्हाळ्यात शिडीवाचून चाललंही नसतं. पाणी कपारीखालच्या कोपऱ्यात साठायचं, वरून बादली सोडली तर दगडावर आपटायची. खाली उतरून, वाडग्यानं घागर भरून वर आणावी लागायची. मी दिवसातून कितीदा चढायची-उतरायची त्याला सुमार नव्हता. सासू म्हणायची, पाणी कुठं पळून जायलंय का. पण मला गरज नसतानाही जाऊन यायचं असायचं. वस्तीतल्या बायाही येऊ लागल्या. कुणी कुणाची वाट बघत नव्हतं.

वैशाखात गावविहिरीला गाळ लागला. मोठ्या घरांच्या रानातल्या विहिरीही आटल्या, त्यांना बैलगाडीनं लांबून पाणी आणावं लागायचं, आणि गाडी वेळेवर येईलच असं नसायचं. आणि एका सकाळी मालकीणबाई आमच्या बांधावर आली. एकटीच, डोक्यावर पदर, कमरेला रिकामी घागर. बांधाच्या आत आली, घागर खाली ठेवली आणि मागं सरून उभी राहिली. तिला कुणी तसं सांगितलं नव्हतं. पण पाणी मागायला आलेल्या बाईनं कसं उभं राहायचं हे तिनं इतके उन्हाळे वरून बघितलं होतं.

मी नुकतीच भरली घागर घेऊन शिडीवरून वर आले होते. तिला बघितलं आणि माझ्या अंगात काय संचारलं ते सांगता येत नाही. आता मी ओतणार होते. वरून, तिच्याकडं न बघता, सासूशी काहीतरी बोलत, अर्धं आत आणि अर्धं मातीत. या एका गोष्टीसाठी मला ही विहीर हवी होती की काय, असं त्या क्षणी वाटलं, आणि त्याची मला जराही लाज वाटली नाही. मी घागर उचलून चार पावलं टाकली. सासूनं माझं मनगट धरलं.

"वतू नगंस."

"कामून? तिनं वतलं न्हाई का?"

"म्हणूनच." तिनं घागर माझ्या हातातून काढून खाली ठेवली. "दान घ्यायचं न्हाई म्हंतो तुजा मामा. मग द्यायचं कामून?"

सासरे मिरचीच्या वाफ्यात खुरपत होते. त्यांनी ऐकलं, उठून उभे राहिले. सासूनं बांधाकडं तोंड केलं.

"माय, तिथं कशाला उभी ऱ्हातीस? शिडी लावलीया. सबशिडी हाय ती. उतर आन् तुज्या हातानं घे."

मालकीणबाईनं शिडीकडं बघितलं, मग आमच्याकडं. "मी कंदी उतरले न्हाई गं," ती म्हणाली. त्या आवाजात ती माझ्याशी, आमच्याशी, याआधी कधीच बोलली नव्हती.

"आमी तरी कुठं उतरलो हुतो," सासू म्हणाली.

तिनं पदर खोचला. घागर काखेत घेतली आणि पाठमोरी होऊन पहिल्या दांडीवर पाय ठेवला. तिचं वजन पडलं तशी शिडीची वरची टोकं काठावरून सरकू लागली. तिनं वर बघितलं. डोळ्यांत भीती होती, आणि ती माझ्याकडंच बघत होती.

"धर की गं," सासू म्हणाली.

मी काठावर गुडघे टेकून बसले आणि दोन्ही हातांनी शिडी धरली. राग गेला नव्हता, अजूनही गेलेला नाही. ती एकेक दांडी उतरत होती आणि दर दांडीला शिडी माझ्या हातांना हिसके देत होती. पण ती खाली पोचून, स्वतःच्या हातानं घागर भरून वर येईपर्यंत मी जागची हलले नाही, आणि शिडीही हलू दिली नाही.